एक्स्टेन्शन बाहेरगावी वळवताना : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत. ऑफिसातल्या एक्स्टेन्शनवर येणारा फोन बाहेरगावच्या नंबरवर वळवायचा असतो आणि मध्ये कुठला तरी कोड आडवा येतो. फॉरवर्ड लावायचा आणि काढायचा कोड प्रत्येक ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसातले फोन बाहेरच्या लाईनींना जोडणाऱ्या मशीनचा, वेगळा असतो, म्हणून तो इथे दिलेला नाही. आपापल्या मॅन्युअलमध्ये पाहावा. मशीनच्या आत जे घडतं ते मात्र सगळीकडे जवळपास सारखंच आहे.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत पेढी आहे. तीन लँडलाईन, बारा एक्स्टेन्शन. एसटीडीला कुलूप आहे. रिसीव्हर उचलून चार आकडी कोड दाबायचा, बीप आली की ० दाबून बाहेरची लाईन घ्यायची, अशी पद्धत. २४ नंबरचं एक्स्टेन्शन इरोडच्या भागीदाराच्या ऑफिसला वळवायचं आहे. फॉरवर्ड लावला की ‘झालं’ असा टोन येतो, पण प्रत्यक्ष फोन आला की समोरच्याला एंगेज ऐकू येतं. त्याच एक्स्टेन्शनवरून हाताने नंबर फिरवला तर लगेच लागतो. चूक कुठे होते आहे?

उत्तर : ‘झालं’ या टोनवर तुमचा विश्वास बसला, तिथेच. त्या टोनचा अर्थ एवढाच की तुम्ही दाबलेले आकडे मशीनने लिहून घेतले. ते आकडे लागतील की नाही, हे मशीन त्या वेळी तपासत नाही. तपासणी होते ती खरा कॉल येतो तेव्हा, आणि तेव्हा मशीनसमोर प्रश्न असतो : २४ नंबरला एसटीडी करायची परवानगी आहे का? तुमच्याकडे ती नाही. हाताने फिरवता तेव्हा आधी कोड देऊन त्या एका कॉलपुरतं कुलूप उघडता. फॉरवर्ड होताना २४ चा रिसीव्हर कोणी उचललेला नसतो, कोड कोणी दाबलेला नसतो, म्हणून मशीन नकार देतं आणि समोरच्याच्या कानात एंगेज वाजतं.

यावर तीन उपाय आहेत. आमच्या मते चांगल्यापासून वाईटाकडे असा त्यांचा क्रम लागतो.

पहिला, नंबरापुरती सूट. बहुतेक ईपीएबीएक्समध्ये एसटीडी बंदीच्या तक्त्याशेजारी ‘परवानगी असलेले नंबर’ असा दुसरा तक्ता असतो. त्यात भागीदाराचा पूर्ण नंबर एसटीडी कोडसह, म्हणजे ०४२४ आणि पुढचे सात आकडे, लिहायचा. नुसतं ०४२४ लिहून सोडू नका, नाही तर अख्खं इरोड उघडं राहील. त्या नंबरापुरती २४ ला कोडची गरज उरत नाही आणि बाकी कुलूप जसंच्या तसं राहतं.

दुसरा, सिस्टिमची सामाईक मेमरी. ऑपरेटरच्या फोनवरून प्रोग्रॅमिंगमध्ये जाऊन एका खणात पूर्ण नंबर साठवायचा, त्या खणाला ‘बंदी लागू नाही’ अशी खूण करायची, आणि २४ चा फॉरवर्ड थेट नंबरावर न लावता त्या खणाच्या क्रमांकावर लावायचा. भागीदाराचा नंबर बदलला तर खणातला तेवढा बदलायचा, फॉरवर्डला हात लावावा लागत नाही. एक पाहून घ्या : काही मशीन फॉरवर्डसाठी खणाचा क्रमांक घेतच नाहीत. तसं असेल तर पहिल्या उपायावर या.

तिसरा, फॉरवर्डच्या नंबरातच कोड घालणं. पुष्कळ टेक्निशियन हेच आधी करून देतात, कारण पाच मिनिटांत होतं. काही मशीन फॉरवर्डमध्ये कोड स्वीकारतात, काही मुळीच नाही. स्वीकारला तरी दोन दुखणी मागे लागतात. एक म्हणजे तो कोड की-फोनच्या पडद्यावर आणि कॉल नोंदींच्या कागदावर उघडा दिसतो, मग कुलपाला अर्थ काय राहिला? दुसरं दुखणं आकड्यांच्या मर्यादेचं. समजा मशीन फॉरवर्डसाठी जास्तीत जास्त १६ आकडे साठवतं. तुमचा हिशेब मांडा : कोडचे ४, बाहेरच्या लाईनचा ०, एक पॉज (मशीनने थोडं थांबायची खूण), एसटीडीचा ०, मग ४२४ आणि सात आकडे मिळून १०. बेरीज १७. पॉजसुद्धा एक आकडा म्हणून मोजला जातो, हे लक्षात येत नाही. सतरावा आकडा मशीन गुपचूप सोडून देतं, ‘झालं’ टोन देतं, आणि फोन अर्धवट नंबरावर जाऊन अडतो.

कोणताही उपाय करा, त्याआधी कागद घेऊन हाताने तो नंबर लावताना तुमचं बोट काय काय करतं ते लिहून काढा. आकडे तर लिहाच, पण कुठे थांबता तेही लिहा. बीप येईपर्यंत थांबता, डायल टोन येईपर्यंत थांबता. ती थांबायची जागा म्हणजे मशीनच्या भाषेतला पॉज. तुमच्या कानाला टोन कळतो म्हणून तुम्ही थांबता. अनेक मशीन टोनची वाट न पाहता लाईन घेतल्यावर ठरावीक वेळाने आकडे सोडू लागतात, आणि लाईनवर डायल टोन उशिरा आला तर पहिला ० हवेत विरतो. मग ०४२४ चं ४२४ होतं आणि पलीकडे सांगलीचाच कोणीतरी अनोळखी ‘हॅलो’ म्हणतो. असं झालं तर बाहेरच्या लाईनच्या ० नंतर दोन-तीन सेकंदांचा पॉज टाका.

अजून एक जागा तपासा. बाहेरून आलेला कॉल पुन्हा बाहेरच पाठवणं, म्हणजे एक बाहेरची लाईन दुसऱ्या बाहेरच्या लाईनला जोडणं, याची परवानगी बऱ्याच मशीनमध्ये मुळात बंद असते. ती ‘ट्रंक टू ट्रंक’ या नावाखाली सापडेल. ती उघडल्याशिवाय वरच्या तिन्ही उपायांना काही अर्थ नाही.

चाचणी शेजारच्या एक्स्टेन्शनवरून करू नका. आतून फोन केला तर काही मशीन २४ ऐवजी फोन करणाऱ्याची परवानगी पाहतात, आणि तुम्ही चाचणी केली मालकांच्या केबिनमधून तर सगळं सुरळीत दिसणारच. मोबाईलवरून ऑफिसच्या लँडलाईनवर फोन करून पाहा.

आणि लाईनी मोजा. फॉरवर्ड झालेला एक कॉल तुमच्या तीनपैकी दोन लाईनी अडवतो, येणारी एक आणि जाणारी एक. दुसरा कॉल त्याच वेळी फॉरवर्ड व्हायला आला तर त्याला बाहेर जायला लाईनच नसते. सौद्याच्या वेळी हे रोज होईल. चौथी लाईन घ्या, किंवा मशीनला एक सिमकार्डवाला पोर्ट जोडून बाहेर जाणारा कॉल तिकडून सोडा. असा पोर्ट टू-जी-थ्री-जीवाला असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं जाळं फोर-जीपासूनच सुरू होतं. घेताना विचारून घ्या.

प्रश्न : सातारा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. फॉरवर्ड व्यवस्थित होतो, बोलणंही होतं. पण दोन्हीकडच्यांनी फोन ठेवल्यावरही आमच्या दोन्ही लाईनी एंगेजच राहतात. मशीन बंद करून चालू केलं की सुटतात. दिवसातून दोनदा हे करावं लागतं.

उत्तर : हा साध्या तांब्याच्या लाईनींचा जुना आजार आहे. एक्स्टेन्शनवर माणूस असतो तेव्हा त्याने रिसीव्हर ठेवला हे मशीनला तारेतून कळतं. फॉरवर्डमध्ये दोन्ही माणसं बाहेर असतात. त्यांनी फोन ठेवला, ही बातमी मशीनपर्यंत पोचवणारं साध्या लाईनीत काहीच नसतं. मशीन दोन्ही लाईनी एकमेकींना धरून बसतं आणि दोन एक्स्चेंज एकमेकांना एंगेज टोन ऐकवत राहतात.

उपाय दोन्हीकडून करावा लागतो. लाईन देणाऱ्या कंपनीकडे ‘पोलॅरिटी रिव्हर्सल’ मागा. कॉल जुळला आणि तुटला की एक्स्चेंज लाईनीच्या दोन तारांची दिशा उलटी करतं आणि मशीनला ती खूण समजते. अर्ज देऊन हे सुरू करून मिळतं. मशीनच्या ट्रंक कार्डाला, म्हणजे बाहेरच्या लाईनी ज्याला जोडतात त्या कार्डालाही, ते ओळखता यायला हवं, हे आधी पाहा.

ते मिळेपर्यंत, किंवा मिळालंच नाही तर, मशीनमधली एंगेज टोन ओळखायची सोय चालू करा. इथे गडबड हमखास होते. बाहेरून आलेल्या मशीनमध्ये टोनचं माप कारखान्यातून दुसऱ्याच देशाचं भरलेलं असतं. आपल्याकडे एंगेज टोन ४०० हर्ट्झचा असतो, पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद गप्प असतो. मशीनमध्ये ४२५ किंवा ४८० हर्ट्झ आणि अर्धा-अर्धा सेकंद भरलेलं असेल तर ते आपला टोन ऐकूनही ओळखणार नाही. ४०० आणि ७५०-७५० मिलिसेकंद भरा. गर्दीच्या टोनसाठी २५०-२५० वेगळं भरायची सोय असेल तर तेही भरून टाका.

शेवटची राखण म्हणून फॉरवर्ड झालेल्या कॉलला वेळेची मर्यादा घाला. दहा मिनिटं फार कमी, बोलणं मध्येच तुटेल. तीस मिनिटं ठेवा. काही विसरलं तरी लाईन अर्ध्या तासात सुटेल.

आवाज बारीक येतो अशी तक्रारही याच जोडणीत येते. तुम्ही लिहिलेली नाही, पण येईल. दोन तांब्याच्या लाईनी एकमेकींना जोडल्या की दोन्हींची घट एकत्र होते. ट्रंकचा गेन, म्हणजे बाहेरच्या लाईनीचा आवाज वाढवायचं सेटिंग, एकेक पायरी वाढवा. एकदम वाढवलात तर स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ लागेल.

प्रश्न : वाईच्या आमच्या पतसंस्थेत व्यवस्थापकांच्या मोबाईलचा फॉरवर्ड जुन्या छापील तक्त्यावरून लावला : बाहेरच्या लाईनसाठी ०, मग मोबाईलचे दहा आकडे. नंबर तपासून घ्या, असं काहीतरी ऐकू येतं.

उत्तर : तुमचा तक्ता १५ जानेवारी २०२१ च्या आधीचा आहे. त्या दिवसापासून लँडलाईनवरून कुठल्याही मोबाईलला, अगदी वाईतल्या मोबाईललासुद्धा, आधी ० लावावाच लागतो. म्हणजे आता दोन शून्यं : एक मशीनचं, एक मोबाईलचं, मग दहा आकडे. मशीनमध्ये साठवलेले सगळे मोबाईल नंबर एकदा तपासून घ्या. काही मशीन हा दुसरा ० आपणहून लावतात. तिथे तुम्हीही लावलात तर तीन शून्यं होतील आणि मशीन त्याला परदेशचा कॉल समजून अडवेल.

प्रश्न : मिरजेच्या एका रुग्णालयातून विचारतो आहोत. रात्री आठनंतर ओपीडीचं एक्स्टेन्शन डॉक्टरांच्या मोबाईलवर जातं. रुग्णांचे नातेवाईक म्हणतात, ‘फोन उचलला पण कोणी बोललं नाही.’ डॉक्टर म्हणतात, ‘मला फोन आलाच नाही.’ शिवाय मोबाईलवर नेहमी रुग्णालयाचाच नंबर दिसतो, म्हणून उलट फोन करता येत नाही.

उत्तर : दोघंही खरं बोलत आहेत. साध्या लाईनीवर आलेला कॉल पुढे पाठवायचा असेल तर मशीनला आधी तो स्वतः उचलावा लागतो. नातेवाइकांच्या फोनवर कॉल ‘लागला’ असं दिसतं, त्यांचे पैसेही सुरू होतात, आणि पुढचा मोबाईल अजून वाजायचाच असतो. मोबाईल रेंजबाहेर असेल तर ते ऐकतात ती पलीकडची शांतता.

वेळेचं गणित असं करा. आपल्या रिंगचा एक फेरा तीन सेकंदांचा असतो : ०.४ सेकंद वाजतो, ०.२ गप्प, ०.४ वाजतो, मग दोन सेकंद गप्प. ‘न उचलल्यास फॉरवर्ड’ चार फेऱ्यांवर लावा, म्हणजे बारा सेकंद. पुढे मोबाईलवर जास्तीत जास्त तीस सेकंद घंटी वाजते, ही मर्यादा ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१९ मध्ये घातलेली आहे. त्या तीस सेकंदांत डॉक्टरांनी उचलला नाही तर कॉल कुठे जावा, हे ठरलेलं हवं. साध्या लाईनीवर मोबाईल उचलला गेला की नाही हे मशीनला कळत नाही, म्हणून ‘मोबाईल नाही उचलला तर कॅज्युअल्टीला पाठव’ असा दुसरा फॉरवर्ड तिथे नीट चालत नाही. रात्रीच्या ओपीडीसाठी आम्ही उलटं सुचवू : कॉल आधी कॅज्युअल्टीच्या टेबलावर वाजू द्या, आणि तिथल्या माणसाने गरज पाहून डॉक्टरांना जोडून द्यावा. रुग्णालयात फोन माणसानेच उचललेला बरा.

नंबराचं म्हणाल तर साध्या लाईनीवरून बाहेर जाणारा कॉल तुमच्याच लाईनीचा नंबर दाखवणार, याला इलाज नाही. पीआरआय (एकाच जोडणीत अनेक कॉल नेणारी डिजिटल लाईन) किंवा सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी लाईन) असली तरी कंपन्या बहुधा तुमच्या स्वतःच्या नंबरांखेरीज दुसरा नंबर पुढे जाऊ देत नाहीत. मूळ नंबर मशीनच्या कॉल नोंदीत असतो. सकाळी त्यावरून पाहता येतो. त्यासाठी लाईनीवर कॉलर आयडी चालू हवा आणि ट्रंक कार्डाला तो वाचता यायला हवा.

प्रश्न : आमची साताऱ्याची शाखा, मुख्य ऑफिस पुण्यात. शाखेतलं एक एक्स्टेन्शन पुण्याच्या २४५ ला वळवायचं आहे. पुण्याचा फोन लागला की ‘एक्स्टेन्शन नंबर दाबा’ असं रेकॉर्डिंग वाजतं. ते दाबणार कोण?

उत्तर : मशीनने दाबायचं. फॉरवर्डचा नंबर असा लिहा : बाहेरच्या लाईनचा ०, पॉज, ०२०, पुण्याचे आठ आकडे, मग काही पॉज, मग २४५. किती पॉज हे घड्याळ लावून ठरवा. शेवटचा आकडा दाबल्यापासून रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंत किती सेकंद जातात ते दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चार-पाच वेळा मोजा आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरा. तो ९ आला आणि तुमच्या मशीनचा एक पॉज ३ सेकंदांचा असेल तर चार पॉज टाका. थोडा उशीर चालतो, कारण बहुतेक रेकॉर्डिंग चालू असतानाच आकडे घेतात. घाई चालत नाही. रेकॉर्डिंगआधी सोडलेले आकडे वाया जातात आणि कॉल पुण्याच्या ऑपरेटरकडे पडतो. आकडे अर्धवट ओळखले जात असतील, २४५ चा २५ होत असेल, तर डीटीएमएफचा, म्हणजे आकडा दाबल्यावर वाजणाऱ्या टोनचा, वेळ १०० मिलिसेकंद आवाज आणि १०० गप्प असा करा.

हे फक्त साध्या लाईनीवर. पीआरआय किंवा सिपवर पूर्ण नंबर एकदम पाठवला जातो, त्यामुळे मधला पॉज तसा चालत नाही. ‘कॉल जुळल्यावर आकडे पाठव’ अशी सोय मशीनमध्ये वेगळी असेल तरच जमतं.

पण पुण्याला पीआरआय असेल तर एवढी मेहनत कशाला? २४५ ला स्वतःचा थेट नंबर मागून घ्या आणि त्यावर फॉरवर्ड लावा. कोणी तुम्हाला ‘सातारा-पुणे इंटरनेटवरून जोडा, इथल्या लाईनीवर आलेला फोन तिकडून पुण्याच्या लोकल लाईनीवर सोडा, एसटीडी वाचेल’ असं सुचवलं तर ऐकू नका. दूरसंचार परवान्याशिवाय असा एसटीडी चुकवणारा मार्ग बेकायदा आहे, आणि दंड ऑफिसच्या नावावर येतो, सुचवणाऱ्याच्या नाही.

प्रश्न : महाबळेश्वरचं आमचं हॉटेल पावसाळ्यात बंद असतं. तेव्हा सगळे फोन वाईच्या घरी यावेत म्हणून मशीनमध्ये फॉरवर्ड लावतो, पण जुलैत एकदा तरी तो बंद पडतोच.

उत्तर : तो फॉरवर्ड मशीनमध्ये लावूच नका. तिथे वीज जाते, बॅटरी संपते, तार तुटते, आणि प्रत्येक वेळी वर कोणी जाणार नाही. लाईन देणाऱ्या कंपनीच्या एक्स्चेंजवर ‘सगळे कॉल वळवा’ ही सोय घ्या. ती एक्स्चेंजमध्ये राहते. हॉटेलात वीज असो नसो, तार जमिनीवर पडलेली असो, कॉल वाईला जातो. एकच लाईन लागते, दोन नाही, आणि लाईन अडकायचा प्रश्नही उरत नाही. वाईच्या घरच्या फोनवर उलट हॉटेलचा फॉरवर्ड लावलेला नाही ना, तेवढं पाहा. दोन्ही एकमेकांकडे बोट दाखवत राहिले तर कॉल कुठेच पोचत नाही.

प्रश्न : कराडच्या आमच्या ऑफिसात शनिवार-रविवारी कोणी नसतं, तरी सोमवारी बिलाच्या नोंदीत परदेशचे कॉल दिसले. मशीन बिघडलं आहे का?

उत्तर : मशीन ठीक आहे, दार उघडं आहे. बाहेरून फोन करून कोड दाबला की ऑफिसची लाईन मिळते, अशी डिसा नावाची सोय मशीनमध्ये असते. तिचा कोड अनेकदा कारखान्यातून आलेला तसाच राहतो. प्रोग्रॅमिंगचा पासवर्डही तसाच. आजच दोन्ही बदला. डिसा लागत नसेल तर बंदच करा. ००ने सुरू होणारे नंबर सगळ्या एक्स्टेन्शनना आणि सगळ्या फॉरवर्डना बंद करा. खरंच परदेशी फोन लागत असतील तर एकाच एक्स्टेन्शनला ठेवा. मग प्रत्येक एक्स्टेन्शनवर कुठला फॉरवर्ड लावलेला आहे त्याची यादी काढा. बाहेरच्या माणसाने आत शिरून एखादं रिकामं एक्स्टेन्शन परदेशच्या नंबरवर वळवून ठेवलं असेल तर ते यादीतच दिसेल. पासवर्ड बदलल्याने तो फॉरवर्ड आपोआप निघत नाही.

प्रश्न : वीज गेली की आमच्या तासगावच्या शीतगृहाच्या मशीनमधले सगळे फॉरवर्ड पुसले जातात.

उत्तर : सीपीयू कार्डावरची मेमरी धरून ठेवणारी बॅटरी संपली आहे. बटणासारखी ३ व्होल्टची असेल तर मल्टिमीटर लावा, २.७ च्या खाली गेली असेल तर बदला. कार्डाला डाग देऊन बसवलेली असेल आणि तिच्या टोकांवर हिरवा थर आला असेल तर ते द्रव्य कार्डाच्या तारा खात आहे. टेक्निशियनला लवकर बोलवा. बदलण्याआधी सगळ्या सेटिंगची प्रत कॉम्प्युटरवर घ्या. ती सोय नसेल तर कुठल्या एक्स्टेन्शनचा फॉरवर्ड कुठे, कोणत्या खणात कोणता नंबर, हे वहीत लिहून ठेवा.